खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला समुपदेशकापर्यंत कसं न्यावं

फोंड्यात माझं केशकर्तनालय आहे. दोन खुर्च्या, एक बाक, भिंतीवर गणपती आणि त्याच्या शेजारी टीव्ही. वडिलांनी चालवलं, आता मी चालवतो. कुंडई-बेतोड्याच्या कारखान्यांतले कामगार येतात, ट्रकवाले येतात, देवळातले भटजी, कॉलेजची पोरं, सगळे येतात. आणि सिद्दी पोरं येतात, मूळ आफ्रिकी वंशाची, कर्नाटकातल्या जोयडा, हल्याळ, यल्लापूरकडची. अनमोडचा घाट उतरून कामाला आलेली. त्यांचे केस कापायला बरेच जण टाळाटाळ करतात, "कंगवाच फिरत नाही" म्हणतात. फिरतो. केस ओले हवेत, कंगवा रुंद दातांचा हवा आणि हाताला घाई नको. दाढी करताना वस्तरा उलटा मारायचा नाही. गच्च कुरळा केस उलटा मारून खोल कापला की तो वळून कातडीतच शिरतो आणि मानेवर फोड उठतात. एवढं जपलं की गिऱ्हाईक परत येतं, आणि चार वेळा परत आलं की बोलायला लागतं.

मी लिहितोय ते त्या बोलण्याविषयी. मनावर घाव बसलेल्या माणसाला उपचारापर्यंत न्यायचं कसं, ती माझी रीत सांगतो. त्यासाठी न्हावीच असायला हवं असं नाही. मेसवाली मावशी, पार्लरवाली, कारखान्यातला सुपरवायझर, खोलीचा मालक, ज्याच्यापाशी माणूस टेकतो त्या कोणालाही हे जमेल.

ही अक्कल माझी एकट्याची नाही. भाच्याने एकदा मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेत न्हाव्यांना हेच शिकवतात. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावात लोरेन्झो लुईस नावाच्या माणसाने २०१६ साली 'कन्फेस प्रोजेक्ट' सुरू केला. कृष्णवर्णीय वस्तीतल्या न्हाव्यांना गिऱ्हाइकाचं कसं ऐकायचं, काय ओळखायचं आणि पुढे कुठे पाठवायचं, याचं शिक्षण. तिथे डॉक्टरकडे न जाणारे पुरुष न्हाव्याकडे मात्र दर पंधरवड्याला जातात. लॉस एंजेलिसमध्ये तर ब्लड प्रेशरवर प्रयोगच झाला. ५२ दुकानं, ३१९ गिऱ्हाइकं. फार्मासिस्ट दुकानात येऊन औषध देऊ लागला, तेव्हा सहा महिन्यांत वरचं प्रेशर सरासरी २७ ने उतरलं. ज्यांना न्हाव्याने "डॉक्टरकडे जा" एवढंच सांगितलं त्यांचं उतरलं ९ ने. २०१८ साली हे छापून आलं. माझ्या मते सगळी मेख त्या दोन आकड्यांत आहे. "जा" म्हणणं एक आणि बरोबर असणं वेगळं.

आधी बघायला शिका

घाव बसलेला माणूस "मला त्रास होतो" असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो झोप नाही, डोकं दुखतं, पित्त झालंय. अंग मात्र खोटं बोलत नाही. बेतोड्याला कामाला असलेला एक पोरगा माझ्याकडे येत असे. हसरा, गावच्या कार्यात डमाम, म्हणजे सिद्दींचा ढोल, वाजवणारा, व्हिडिओ दाखवायचा त्याचे. मध्ये दोनेक महिने आला नाही. आला तेव्हा मी मानेमागे मशीन चालू केलं आणि त्याचे दोन्ही खांदे कानांपर्यंत गेले. मशीन बंद केलं, खांदे खाली. रस्त्यावरून ट्रकने हॉर्न मारला, पुन्हा वर. घाटात त्याच्या डोळ्यांदेखत बाईकच्या अपघातात भाऊ गेला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त मशीन ठेवून दिलं आणि कात्रीने केस कापले. वेळ लागला, पण तो शेवटपर्यंत बसला.

बघायचं ते हे: दचकणं, पाठ दाराकडे करून न बसणं, ठरावीक रस्ता किंवा जागा टाळणं, झोपेत ओरडणं (हे खोलीतली पोरं सांगतात), बारीकसारीक गोष्टींवरून भडकणं, आवडीचं काम अचानक सोडून देणं. दारू वाढलेली असते, ते तर वासावरूनच समजतं. कधी डोक्यात रुपयाएवढी चाई पडलेली दिसते. चाईची कारणं बरीच असतात, तिला कातडीचा डॉक्टर दाखवावा, पण त्या निमित्ताने "सध्या कसं चाललंय" हे विचारायला वाट मिळते.

अपघात, मारहाण, मृत्यू पाहिल्यावर पहिले काही आठवडे असं होतंच. बऱ्याच जणांचं हळूहळू आपोआप निवळतं. महिना उलटून गेला तरी निवळत नसेल, किंवा काम-घर बंद पडायची वेळ आली असेल, तर मात्र थांबू नका.

नको म्हणतो त्याला कारण असतं

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. "सांगून थकलो, ऐकतच नाही." अहो, का ऐकावं?

अमेरिकेतलं सांगतो. गुलाम मळ्यातून पळून जातो हा मनाचा आजार आहे, असं सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने १८५१ साली लिहून ठेवलं, आजाराला ग्रीक थाटाचं नावही दिलं. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणून गोव्यात विकलेल्या माणसांपैकी कित्येक जण घाट चढून उत्तर कन्नडच्या रानात पळाले, आजच्या सिद्दींमध्ये त्यांचेही वंशज आहेत. म्हणजे त्या डॉक्टरच्या हिशेबाने माझ्या गिऱ्हाइकांचे खापरपणजोबा सगळे वेडेच. मग अलाबामातलं टस्कीगी. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर 'अभ्यास' केला. त्यातल्या ३९९ जणांना गरमीचा रोग (सिफिलिस) होता. पेनिसिलीन मिळायला लागल्यावरसुद्धा त्यांना ते दिलं नाही, रोग कसा वाढतो ते बघत बसले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. ज्या घरातल्या आजोबांबरोबर असं झालं, तिथल्या नातवाला "डॉक्टर आपलेच असतात" हे पटवून बघा.

आणि आपल्याकडे? २०१३ च्या ऑक्टोबरअखेरीस पर्र्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, आणि मग बार्देशात आफ्रिकन लोकांना खोल्या देऊ नका अशी भाषा सुरू झाली. माझ्या सिद्दी गिऱ्हाइकांच्या खिशात आधार कार्ड असतं. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, गोवा-दमण-दीवच्या १९६८ च्या यादीतही सिद्दींचं नाव होतं. तरी बसमध्ये शेजारचा माणूस विचारतो, "कुठल्या देशाचा रे तू?" रोजच्या रोज हे ऐकणाऱ्याला केसपेपरच्या खिडकीवर नाव-गाव सांगायचीसुद्धा धास्ती वाटते. ती धास्ती खरी आहे असं आधी मान्य करा. "तुला तिथे कोणी काही बोललं तर मी आहे" हे वाक्य दहा उपदेशांपेक्षा जास्त काम करतं. "असं काही नसतं रे" म्हणालात की दार बंद झालं.

दुसरी भीती आमची सगळ्यांचीच, काळा-गोरा काही नाही त्यात. 'वेडा' ठरण्याची. गोव्याचं जुनं मानसिक इस्पितळ पणजीत आल्तिनोवर होतं. वडिलांच्या वेळी कोणी जरा वेगळा वागला की "आल्तिनोक धाडचो पडटलो" (आल्तिनोला धाडावा लागणार) म्हणत आणि सगळं दुकान हसत असे. त्या इस्पितळाला आबे फारियाचं नाव होतं. जुन्या सचिवालयाजवळचा पुतळा तुम्ही पाहिला असेलच, बाई कलंडलेली आणि फारिया हात पसरून उभा. कांदोळीत १७५६ साली जन्मला, पॅरिसला जाऊन संमोहनात नाव काढलं. पुतळा पाहून पुष्कळांना वाटतं की समुपदेशक असाच हात फिरवून पोटातलं काढून घेतो. खरं तर फारिया उलट सांगत असे: जे काही घडतं ते समोरच्याच्या मनातून घडतं, माझ्या हातात शक्तीबिक्ती नाही. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. हसतात, पण ऐकतात.

बोलायचं कसं

वेळ निवडा. चवथीच्या आदल्या आठवड्यात, बाकावर पाच माणसं वाट बघत असताना, असली गोष्ट काढू नये. मी रात्री शटर अर्धं ओढल्यावरचं शेवटचं गिऱ्हाईक धरतो. टीव्ही बंद. न्हाव्याचा एक फायदा आहे, आम्ही दोघंही आरशात बघत असतो, थेट डोळ्यांत नाही. पुरुषाला डोळ्यांत बघून रडता येत नाही. तुमच्याकडे आरसा नसेल तर शेजारी शेजारी बसा, बाईकवर मागे बसवा, भांडी घासता घासता बोला. समोरासमोर खुर्ची ओढून बसलात की ती चौकशी होते.

पहिला प्रश्न झोपेचा. "झोप लागते का रे?" या प्रश्नात कमीपणा नाही. "टेन्शन आहे का?" विचारलं की "नाही" येतं, शंभर टक्के. झोपेवरून स्वप्नावर, स्वप्नावरून जे घडलं त्यावर तो स्वतःच येतो. नाही आला तर राहू द्या. काय घडलं ते खोदून काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा मानसिक प्रथमोपचाराचा धडा आहे, त्याचा गाभा तीन शब्दांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. घडलेलं पुन्हा सांगायला भाग पाडणं त्यात बसत नाही, त्याने घाव उलट ताजा होतो. ते काम शिकलेल्या माणसाचं.

"मर्द आहेस", "दुसऱ्यांचं बघ किती वाईट", "विसरून जा", "लग्न कर म्हणजे ठीक होईल" ही वाक्यं जिभेवर आली तर तोंडात क्लिप धरा. आम्हाला ती सोय आहे.

दोन माणसांना एकाच वेळी तोच त्रास असतो हे सांगितलेलं मात्र उपयोगी पडतं. मी खाणबंदीनंतरच्या ट्रकवाल्यांचं सांगतो, नाव न घेता. २०१२ साली खाणी बंद झाल्या, हप्ते थकले, दारात उभा ट्रक गंजत गेला. त्यांतले काही जण डॉक्टरकडे गेले, आज धंदा करतात, माझ्याकडेच दाढी करतात. सिद्दी पोराला कळतं की हे त्याच्या कातडीचं किंवा जातीचं दुखणं नाही.

जिवाचं काही बोलला, "आता पुरे झालं", "मी नसलो तर बरं", तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. घरच्यांना किंवा खोलीवाल्यांना बोलवा, कीटकनाशक, दोर, गोळ्या जवळ ठेवू नका, १०८ लावा किंवा सरळ इस्पितळात घेऊन जा. पोलिस केस होईल ही भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात.

कुठे न्यायचं

सगळ्यात सोपी पायरी फोनची. १४४१६, टेली मानस. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलं. फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते, मराठी आहे, कन्नड आहे. माझ्या सिद्दी पोरांना कन्नड बरी पडते. पहिला फोन दुकानातूनच लावून द्या, स्पीकर बंद करून, आणि तुम्ही बाहेर जाऊन बसा.

प्रत्यक्ष जायचं तर बांबोळी. गोवा मेडिकल कॉलेज तिथेच, मनोविकाराचं सरकारी इस्पितळही तिथेच. फोंड्याहून पणजी, स्टँडवर बस बदलून बांबोळी. म्हापसा आणि मडगावला जिल्हा रुग्णालयं आहेत. 'सांगाथ' ही १९९६ पासूनची गोव्याची संस्था आहे. तिच्या लोकांनी गोव्यातल्या २४ दवाखान्यांत एक प्रयोग केला होता, त्याचा निकाल २०१० साली आला. आरोग्याचं शिक्षण नसलेल्या साध्या बायकांना समुपदेशन शिकवून दवाखान्यात बसवलं, आणि सरकारी केंद्रांतल्या उदास, घाबऱ्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. म्हणजे समोर बसणारी बाई मोठी डॉक्टर नाही म्हणून नाक मुरडू नका.

झिंबाब्वेत हेच आज्यांनी केलं. डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक रुग्ण ठरलेल्या दिवशी आलीच नाही. तिने जीव दिला होता. इस्पितळात यायला बसभाडं नव्हतं. त्यानंतर त्यांनी हरारेच्या म्बारे वस्तीत आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेर लाकडी बाकांवर बसवलं. २०१६ साली त्याचा निकाल छापून आला, बाकावरच्या गप्पांनी लोक खरोखर बरे होत होते. हे वाचल्यापासून मी एक नियम केलाय: कोणालाही "जा" म्हणण्याआधी विचारतो, भाड्याला पैसे आहेत का आणि रजा मिळते का. रोजंदारीवाल्याचा एक दिवस बुडाला तर त्याचा उपचार दुसऱ्या भेटीलाच संपतो.

आपल्यासारखा दिसणारा समुपदेशक मिळाला तर उत्तमच. अमेरिकेत कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांची स्वतंत्र संघटना १९६८ पासून आहे, आपल्या माणसाला आपला समुपदेशक सापडावा म्हणून याद्याही केल्यात. इथे त्याची वाट बघत बसू नका. त्याऐवजी आधी फोन करून विचारा: भाषा कोणती बोलता, अपघात-मारहाणीच्या आघातावर काम केलंय का, फी किती आणि किती वेळा यावं लागेल. उत्तर देताना समोरचा चिडला तर दुसरा नंबर फिरवा. आणि "आमच्या माणसाला लोक परदेशी समजतात, त्याचा त्रास आहे" हेही सांगा. त्यावर "हल्ली कोण असं करतं" म्हणणारा समुपदेशक आपल्या कामाचा नाही.

पहिली भेट

बरोबर जा. माझं दुकान सोमवारी बंद असतं, म्हणून मी सोमवार धरतो. आधार कार्ड, चालू गोळ्या असतील तर त्यांची पाकिटं, आणि पाण्याची बाटली. खिडकीवर त्यालाच बोलू द्या, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. आत जाऊ नका, त्याने बोलावलं तरच.

आत काय होतं ते आधी सांगून ठेवा. पहिल्या दिवशी बहुधा विचारपूसच असते. आघातावरच्या उपचारात हळूहळू, धीराने, टाळलेल्या आठवणीकडे जायला शिकवतात. एक पद्धत अशीही आहे की समुपदेशक बोट हलवतो आणि डोळ्यांनी ते बघता बघता आठवण मनात आणायची. ऐकायला विचित्र वाटेल, पण जागतिक आरोग्य संघटनेने ती मान्य केली आहे. पहिल्यांदा जाणारा ते बघून "जादूटोणा" म्हणून उठून येऊ नये, म्हणून सांगतो. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ देतो, समुपदेशक नाही. दिल्या तर मधेच बंद करायच्या नाहीत. आणि आतलं बोलणं बाहेर जात नाही, गुप्ततेचा हक्क कायद्यातच आहे. मुकादमाला कळणार नाही हे ऐकलं की खांदे खाली येतात.

देवाधर्माशी भांडू नका. कोणी कौल लावतो, कोणी घाड्याकडे, म्हणजे देवऋष्याकडे, जातो, कोणी फादरकडे. सिद्दींमध्ये हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि पूर्वजांना, हिरियारूंना, मानणारे पुष्कळ. पूर्वजांना नारळ द्यायचाय? द्या. सोमवारी बांबोळीलाही या. दोन्हींत वैर मी तरी पाहिलेलं नाही. फक्त कोणी अंगात आलंय म्हणून मारझोड, चटके, उपाशी ठेवणं करत असेल तर तिथून उठवून आणा.

पुढचे काही आठवडे नाजूक असतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर कधी कधी आठवणी वर येतात, झोप आणखी बिघडते, आणि "ह्याने तर वाईटच झालं" म्हणून माणूस जायचं सोडतो. हे आधीच बजावून ठेवा, आणि तो त्रास समुपदेशकालाच सांगायला लावा. दुकानात चार लोकांसमोर "काय रे, गेला होतास का?" असं कधी विचारू नका. मी फक्त विचारतो, "सोमवार मोकळा ठेवू का?" तो हो किंवा नाही म्हणतो, बाकावरच्यांना काही कळत नाही. दारूचं त्याला जमेल तसं कमी होऊ द्या. पहिल्याच दिवशी शपथा घातल्या की तो तुम्हालाच टाळायला लागेल.

शेवटी नंबर चिकटवण्याविषयी. दुकानात १४४१६ लावायचा तर आरशाच्या खालच्या कोपऱ्यात लावा, खुर्चीत बसलेल्याला मान न वळवता दिसेल असा. 'मानसिक आजार' असं मोठ्या अक्षरात लिहू नका, मग तिकडे कोणी बघतच नाही. माझ्याकडे मराठीत आणि कन्नडमध्ये एवढंच लिहिलंय: "झोप लागत नाही? फोन करा. पैसे पडत नाहीत." कन्नड ओळ त्या बेतोड्याच्या पोराने लिहून दिली.